१०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ : मुलांच्या आहाराच्या गणिताची प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत दुपारी जी खिचडी शिजते, तिच्यामागे चार आकडे उभे असतात. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच प्रमाण दीडपट. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ते तोंडपाठ असते, मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत ते रोज चढते, आणि तपासणीला आलेले साहेब त्याच मापाने पातेल्यात डोकावतात. हे आकडे मुळात आले कुठून, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

ते शोधायला कागद आणि पेन्सिल पुरते. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० किलोकॅलरी ऊर्जा आणि ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. २० ग्रॅम डाळीतून सत्तरेक किलोकॅलरी आणि ४ ते ५ ग्रॅम प्रथिने. ५ ग्रॅम तेलाच्या ४५ किलोकॅलरी. बेरीज केली की ४६० च्या पुढे किलोकॅलरी आणि १२ ग्रॅमच्या वर प्रथिने. भाजीची थोडी भर वेगळी. प्राथमिक वर्गांसाठी शाळेतल्या जेवणाच्या सरकारी योजनेची अपेक्षा आहे ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांची. हिशेब काट्यावर जुळतो. ज्याने कोणी ही मापे बसवली, त्याने नीट बसवली.

आता त्याच कागदावर आणखी दोन ओळी लिहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह आणि ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शाळेच्या जेवणाने दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा भागवावा असे धरले, तर ५ मिलिग्रॅम लोह आणि दोनशेच्या वर कॅल्शियम खिचडीतून यायला हवे. साध्या तांदळातून आणि तूरडाळीतून मिळून लोह दीड मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. कॅल्शियम वीस-पंचवीस मिलिग्रॅमवर थांबते. भाजी मेथीची असेल तर चित्र थोडे सुधारते, दुधी भोपळ्याची असेल तर फारसे नाही. ज्या मापाने ऊर्जा आणि प्रथिने इतकी अचूक जुळली, ते माप इथे इतके का घसरले? कारण त्या मापाला लोहाबद्दल कोणी विचारलेच नव्हते. प्रमाण ठरवताना दोन अटी लिहिल्या गेल्या, त्या दोन पुऱ्या झाल्या.

ही गोष्ट प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच सांगायचे कारण असे की आहाराच्या गणिताविषयी एक गैरसमज सगळीकडे आढळतो. या विषयात येणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्याला वाटते की अवघड काम समीकरणे सोडवण्याचे आहे. आहारशास्त्राच्या विद्यार्थिनीला वाटते की ते काम आपल्याला जमणार नाही. दोघांनाही दिलासा देतो. सोडवण्याचे काम आज कोणत्याही संगणकावरची स्प्रेडशीट काही क्षणांत करते. अवघड आहे ते अटी लिहिणे, आणि ते अवघडपण गणिताचे कमी, मुलांचे आणि स्वयंपाकघराचे जास्त आहे.

मांडणी तशी सोपी. प्रत्येक अन्नघटक किती ग्रॅम घ्यायचा हे माहीत नाही; ते झाले चल. मुलाला किमान इतकी ऊर्जा, इतके लोह, इतके अ जीवनसत्त्व मिळावे, मीठ आणि साखर अमुकपेक्षा जास्त नसावी; या झाल्या अटी. या सगळ्या अटी पाळून खर्च कमीत कमी व्हावा. हे झाले उद्दिष्ट. डाळ दुप्पट केली की तिची प्रथिने दुप्पट आणि तिची किंमतही दुप्पट, म्हणून सगळे संबंध सरळ रेषेचे. या प्रकारच्या गणिताला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने, विमानतळ, तेलशुद्धीकरण अशा अनेक ठिकाणी ते पोचले. पण त्याच्या पहिल्या मोठ्या उदाहरणांपैकी एक माणसाच्या जेवणाचे होते.

१९४५ साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी एक प्रश्न मांडला : एका प्रौढ माणसाला वर्षभर जगवण्यासाठी किमान किती पैसे लागतील? ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषक घटक आणि १९३९ चे भाव. अचूक उत्तर काढण्याची रीत तेव्हा त्यांच्या हाती नव्हती. निरर्थक पर्याय गाळत, अंदाज बांधत ते ३९.९३ डॉलरवर आले. गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा, एवढाच तो आहार. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिची परीक्षा घ्यायला हाच प्रश्न निवडला गेला. जॅक लेडरमन यांच्या देखरेखीखाली कारकुनांनी टेबलावरच्या हिशेबयंत्रांवर आकडेमोड केली. एकूण १२० मनुष्यदिवस लागले. अचूक उत्तर निघाले ३९.६९ डॉलर. म्हणजे स्टिग्लर यांचा अंदाज वर्षाच्या हिशेबात फक्त २४ सेंटांनी चुकला होता. मला या कथेत सिम्प्लेक्सपेक्षा स्टिग्लर यांचा संयम जास्त आवडतो. हा आहार कोणी खरोखर खावा असे आपण सुचवत नाही, हे त्यांनी त्याच लेखात बजावून ठेवले होते.

खुद्द डँट्झिग यांनी ते बजावणे मनावर घेतले नाही. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितले, तेव्हा त्यांनी आपला आहार संगणकाकडून ठरवून घ्यायचे मनावर घेतले. उद्दिष्ट ठरवले पोट भरल्याची भावना जास्तीत जास्त असण्याचे, आणि ती मोजली पदार्थाच्या वजनातून त्यातले पाणी वजा करून. पहिल्या दिवशी यंत्राने ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले, कारण आकड्यांच्या तक्त्यात व्हिनेगरमध्ये पाणी नसल्याची नोंद होती. व्हिनेगर काढून टाकल्यावर यंत्र दिवसाला २०० सूपच्या वड्यांवर आले. त्या वड्या खाऊन पाहिल्यावर, त्यातल्या मिठाचा अंदाज येऊन, त्यांनी प्रत्येक पदार्थावर कमाल मर्यादा घालायला सुरुवात केली. पुढे त्यांनी स्वतःच ही हकीकत मोठ्या खुशीत लिहून ठेवली. अखेरीस त्यांचे वजन उतरले, पण ते पत्नीने बेतलेल्या जेवणाने.

ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली जाते आणि प्रत्येक वर्ग हसतो. हसून झाल्यावर लक्षात घ्यायचे ते असे की यंत्र दोन्ही वेळा बरोबर होते. पहिल्या वेळी माहितीचा तक्ता चुकीचा होता, दुसऱ्या वेळी एक अट लिहायची राहिली होती. आहाराच्या मॉडेलमध्ये होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका या दोन जातींच्या असतात, आणि मुलांच्या आहारात दोन्ही जाती जास्त माजतात.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे वाक्य बालरोगतज्ज्ञांकडून आपण नेहमी ऐकतो. मॉडेलमध्ये त्याचा अर्थ फार ठोस होतो. प्रौढ माणसाच्या आहारात पोटाच्या आकाराची अट सहसा आड येत नाही. सहा महिन्यांच्या बाळाच्या आहारात तीच सगळ्यात कडक अट असते. बाळाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावते. ८ किलोच्या बाळात एका वेळी २४० ग्रॅम. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ५५०. आता घरोघरी भरवली जाणारी पातळ पेज घ्या. १०० ग्रॅम पेजेत ५ ग्रॅम पीठ असेल तर तीत १७-१८ किलोकॅलरी असतात. २०० किलोकॅलरी मिळवायला बाळाने एक किलोहून जास्त पेज प्यायला हवी. दिवसातून दोन-तीन वेळा भरवणाऱ्या घरात हे अशक्य आहे, आणि मॉडेल ते सरळ सांगते : या अटींना उत्तर नाही.

मग पेज घट्ट करा. पण २० टक्के पिठाची पेज बाळाला गिळवत नाही. वाटी उपडी केली तरी पडणार नाही इतकी ती दाटते. इथे जुने स्वयंपाकघर मदतीला येते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की तिच्यातली अमायलेज विकरे पिष्टाचे तुकडे करतात, आणि त्याच पातळपणात कितीतरी जास्त पीठ मावते. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आजींना हे रसायन कोणी शिकवले नव्हते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अंकुरित पिठांवर पद्धतशीर काम केले; चमचाभर अंकुरित पीठ जाड लापशीत घातले तर ती काही वेळात पातळ होते हे त्यांनी दाखवले. वर चमचाभर तेल किंवा तूप घातले की ४५ किलोकॅलरी जागा न अडवता वाढतात. आकारमानाची अट सैल झाल्यावर तेच मॉडेल, तेच बाळ, तोच बाजार, आणि उत्तर सापडते.

या वयोगटासाठी हे गणित प्रथम गंभीरपणे वापरणाऱ्यांत फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांचे नाव घ्यावे लागेल. तीव्र कुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याच्या पेस्टचा तयार आहार घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २००३ मध्ये त्यांनी, निकोल दार्मों आणि सहकाऱ्यांनी, पूरक आहाराच्या काळात मुलांच्या जेवणाची चिकित्सा लिनियर प्रोग्रॅमिंगने कशी करावी यावर लेख लिहिला. त्यातल्या विचाराने या क्षेत्राचा रोखच बदलला. स्वस्त आहार शोधण्याआधी त्यांनी एक वेगळा प्रश्न विचारला : या गावात मिळणारे अन्न, मुले खातात त्या प्रमाणाच्या मर्यादेत, कितीही हुशारीने एकत्र केले, तर लोह जास्तीत जास्त किती मिळू शकेल? उत्तर गरजेच्या खाली आले, तर दोष आईच्या ज्ञानाचा नाही. कितीही प्रबोधन केले तरी त्या गावात तो घटक पुरा पडणार नाही. बाहेरून काहीतरी यावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेसाठी पुढे बनलेल्या ऑप्टिफूड या संगणक प्रणालीत हीच कसोटी आहे, आणि अशा घटकांना तिथे समस्या-घटक म्हणतात. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांच्या अभ्यासांत लोह, जस्त आणि कॅल्शियम ही नावे पुन्हा पुन्हा त्या यादीत येतात. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला मी या क्षेत्रातली एकच गोष्ट शिकवायची झाली तर ही शिकवीन. मातांच्या सभेत काय सांगायचे आणि तालुक्याच्या बैठकीत काय मागायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मॉडेल त्यांची वाटणी करून देते.

तीच कसोटी खिचडीला लावून पाहा. तांदूळ, डाळ, भाजी, तेल यांत ब१२ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ती अट मॉडेलमध्ये लिहिली की पाऊण क्षणात उत्तर येते : शक्य नाही. भाव कितीही वाढवा, डाळ कितीही ओता, शक्य नाही. दूध, दही, अंडे, मासे किंवा बाहेरून मिसळलेले जीवनसत्त्व यांतले काहीतरी चलांच्या यादीत यावेच लागते. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस शाळांत आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, द्यायचे ठरवले. २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा शासकीय निधी थांबला. या वादात आहारशास्त्र, श्रद्धा, पैसा आणि राजकारण एकत्र कालवलेले आहे, आणि ते कालवण गणिताने वेगळे होईल अशी आशा मी दाखवणार नाही. मात्र गणित एक काम चोख करते. प्रत्येक अट एका एककाने सैल किंवा कडक केली तर एकूण खर्च किती बदलेल, हे सिम्प्लेक्स उत्तराबरोबरच सांगते. त्याला छाया-किंमत म्हणतात. अंडे नको असेल तर ठीक. तेच पोषण दुधातून द्यायला दर मुलामागे किती पैसे जास्त लागतील, तो आकडा टेबलावर ठेवता येतो. केळे हा अंड्याचा पर्याय आहे का, या प्रश्नालाही मॉडेल दोन ओळींत उत्तर देते, आणि ते केळ्याच्या बाजूचे नाही.

पैशाचा उल्लेख आलाच आहे तर थोडे थांबू. मे २०२५ पासून प्राथमिक वर्गांसाठी साहित्याचा दर मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आहे, उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे. यात डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन. तांदूळ यात नाही. तो भारतीय अन्न महामंडळाकडून वेगळा येतो. डाळ किलोला १५० रुपये धरली तर २० ग्रॅमचे ३ रुपये गेले. तेलही त्याच भावाने धरले तर ७५ पैसे. उरलेल्या ३ रुपयांत भाजी, तिखट-मीठ आणि गॅस. आता या अटी यंत्रात भरा आणि तांदळाचा भाव काय लिहायचा ते ठरवा. शाळेच्या दृष्टीने शून्य. मग यंत्र तांदूळ ओतत सुटते. ज्या ज्या घटकात तांदळाचा कणभर वाटा आहे, तो घटक तांदळानेच भरून काढायचा प्रयत्न करते. देशाच्या दृष्टीने तांदूळ फुकट नाही. तो खरेदी, साठवण, वाहतूक यांची किंमत घेऊन आला आहे. तो भाव लिहिला तर ज्वारी, बाजरी, नाचणी एकदम स्पर्धेत येतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तांदळात दहासुद्धा नाही. खर्च कोणाच्या खिशातला मोजायचा, ही उद्दिष्टातली एक ओळ असते, आणि ती लिहिणारा हात अनेकदा आपण एक धोरण लिहितो आहोत हे विसरतो.

लोहाच्या बाबतीत सरकारने जो मार्ग काढला तो म्हणजे पोषणयुक्त तांदूळ, ज्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब१२ मिसळलेले दाणे असतात. मानकांनुसार किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, म्हणजे १०० ग्रॅममधून ३ ते ४ मिलिग्रॅम. वरच्या कागदावर ही भर घातली की लोहाची ओळ जवळजवळ पुरी होते. कोणीतरी तिसरी अट लिहिली आणि ती पुरी करण्याचा एक रस्ता निवडला, असे याचे वर्णन करता येईल. दुसरे रस्ते तुलनेत होते का, हे विचारण्याचा हक्क मात्र राहतो.

इथवर वाचून कोणाला वाटेल की लोह म्हणजे मिलिग्रॅमची बेरीज. तसे असते तर बरे झाले असते. धान्य-कडधान्यांतले फायटेट लोहाला बांधून ठेवते; लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू सोबत खाल्ला, तर क जीवनसत्त्वामुळे त्याच ताटातले लोह जास्त शोषले जाते; जेवणानंतर लगेच चहा प्यायला तर कमी. म्हणजे डाळीतल्या लोहाची किंमत ताटात शेजारी काय आहे यावर ठरते, आणि सरळ रेषेची अट मोडते. यावर गणिताकडे उपाय आहेत. आहाराचे दोन-तीन प्रकार करून प्रत्येकाला वेगळा शोषणांक देता येतो, किंवा फायटेट आणि जस्ताच्या गुणोत्तरावर मर्यादा घालता येते, किंवा अरेषीय मॉडेलच लिहिता येते. मटकीला मोड आणल्याने फायटेट कमी होते. तेव्हा मोडाची मटकी आणि कोरडी मटकी हे दोन वेगळे चल धरणे हा सगळ्यात साधा आणि मला आवडणारा उपाय.

मग प्रश्न येतो गरजेच्या आकड्यांचाच. मुलाला १५ मिलिग्रॅम लोह लागते, हे वाक्य कोणत्या मुलाबद्दल आहे? शिफारस केलेले प्रमाण असे ठरवलेले असते की त्या वयाच्या जवळजवळ सगळ्या निरोगी मुलांची गरज त्यात यावी; म्हणजे बहुतेकांना ते गरजेपेक्षा जास्तच असते. ऊर्जेसाठी मात्र सरासरी घेतात, कारण जास्तीची ऊर्जा निरुपद्रवी नसते. २०२० च्या भारतीय शिफारशींत सरासरी गरजेचा तक्ता वेगळा दिला आहे, आणि गटासाठी नियोजन करताना तो उपयोगी पडतो. पण सरासरी आणि गरज यांतला फरक भारतात सर्वांत आग्रहाने मांडला तो एका मराठी माणसाने.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले. पुण्यात शिकले, लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली, आणि १९५१ ते १९७० रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक राहिले. जगात भुकेले किती, हा आकडा काढायची रीत त्यांनी घडवली. १९६० च्या दशकात जगभर प्रथिनांच्या तुटवड्याची हाकाटी होती. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालच काढला. सुखात्मे यांनी भारतीय कुटुंबांच्या आहाराची आकडेवारी घेऊन दाखवले की ज्यांना पुरेसे अन्न मिळते त्यांच्यापैकी बहुतेकांना प्रथिनेही पुरतात; जिथे प्रथिने कमी पडतात तिथे मुळात अन्नच कमी असते आणि शरीर प्रथिने जाळून ऊर्जा मिळवते. आपल्या भाषेत सांगायचे तर बांधणारी अट, म्हणजे उत्तराला खरोखर अडवणारी अट, ऊर्जेची होती, प्रथिनांची नव्हती. आणि न बांधणारी अट कितीही सैल केली तरी उत्तर हलत नाही. महागडी प्रथिन-पावडर वाटून काय साधेल, याचा निकाल त्या एका वाक्यात होता. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी लॅन्सेटमध्ये या प्रथिन-प्रकरणाची जाहीर चिरफाड केली.

पुढे पुण्यात परतल्यावर सुखात्मे आणखी पुढे गेले. एकाच माणसाची ऊर्जेची गरजही दर आठवड्याला बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या खाली खाणाऱ्या प्रत्येकाला भुकेला मोजणे चूक, असे त्यांचे म्हणणे. गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये २,२५० कॅलरींवर दारिद्र्याची रेषा आखली होती. त्या रेषेवरून या दोन पुणेकरांचा १९८० च्या सुमाराला लेखांमधून चाललेला वाद आजही वाचण्यासारखा आहे. संख्याशास्त्राच्या मुद्द्यावर सुखात्मे बरोबर होते असे मला वाटते. मुलांच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या मागे जाणार नाही. प्रौढ माणसाचे शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते तेव्हा ते काम किंवा वजन कमी करते. मुलाचे शरीर जुळवून घेते तेव्हा वाढ थांबवते, आणि थांबलेली उंची सगळी परत मिळत नाही. मॉडेलमध्ये याचा अर्थ असा की प्रौढांच्या अटी संभाव्यतेने सैल करता येतात, मुलांच्या करताना हात आखडता घ्यावा. शाळेच्या प्रमाणात ही अडचण उघडी दिसते : पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलीला आणि पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलाला एकच १०० ग्रॅम. पातेले एकच असल्याने वाढणारी बाई डावाच्या मापाने जी दुरुस्ती करते, तेवढीच काय ती होते.

माहितीच्या तक्त्यांविषयी थोडक्यात. भारतीय अन्नांच्या पोषणमूल्यांचा पहिला तक्ता कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये निघाला. गोपालन आणि सहकाऱ्यांचे १९७१ चे पुस्तक दोन पिढ्यांनी वापरले. २०१७ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने ५२८ अन्नांचे नवे तक्ते दिले. नवेच वापरावेत. तक्त्यातला तांदूळ कच्चा असतो, ताटातला शिजलेला. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाची खिचडी तिपटीने भरते. ही एक गल्लत पकडली तरी अर्धे प्रकल्प वाचतात.

आणि शेवटी मूल खाते का? स्टिग्लर यांच्या प्रश्नात चव नव्हती. नंतरच्या लोकांनी ती तीन वाटांनी आणली. १९६० च्या दशकात जोसेफ बॅलिंटफी यांनी रुग्णालयांच्या जेवणासाठी सुटे अन्नघटक सोडून सबंध पदार्थच चल धरले : आज अमुक पदार्थ आहे किंवा नाही, अर्धा नाही. मुलांसाठी हीच वाट योग्य, कारण मूल उसळ खाते, १७ ग्रॅम मटकी खात नाही. दुसरी वाट उद्दिष्टच बदलण्याची. अमेरिकेच्या कृषी विभागाची काटकसरी आहार योजना खर्चाला कमाल मर्यादा ठेवते आणि लोक सध्या जे खातात त्यापासून कमीत कमी दूर जाणारा आहार शोधते. स्टॉकहोमजवळच्या शाळांत हीच युक्ती वापरून जेवणामागचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन ४० टक्के उतरवले गेले, आणि मुलांच्या ताटांत टाकलेले अन्न लक्षणीय वाढले नाही. २०२० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिसरी वाट सर्वांत कष्टाची : टाकलेले अन्न मोजणे आणि वाढलेल्याऐवजी खाल्लेले ग्रॅम मॉडेलमध्ये घेणे. पालकाची भाजी सुटी वाढली तर बाजूला सारणारी मुले तीच डाळीत घोटून दिली तर खातात, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ठाऊक असते आणि कोणत्याही तक्त्यात नसते. त्यांना विचारल्याशिवाय पदार्थांची यादी पुरी झाली असे कोणी समजू नये.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने सुरुवात एका शाळेच्या एका आठवड्यापासून करावी. दहा-बारा पदार्थ, सात-आठ अटी, स्प्रेडशीटमधला सॉल्व्हर. आधी फक्त ऊर्जा आणि प्रथिने घालून शासकीय प्रमाण परत मिळते का ते पाहावे. मग एकेक अट वाढवावी : लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व, ब१२, प्रत्येक वेळी खर्च किती चढला आणि कोणती अट बांधते आहे ते लिहून ठेवावे. उत्तर नाही असे यंत्राने सांगितले तर अट खोडण्याची घाई करू नये, पदार्थांच्या यादीत काय राहिले ते आधी शोधावे : शेवग्याचा पाला, तिळकूट, सुकट, राजगिरा, गावात मिळणारे आणि यादी करताना न सुचलेले. भाव पुस्तकातले किंवा मोठ्या मंडईतले घेऊ नयेत. शाळेत शिजवणारा बचत गट ज्या दुकानातून, ज्या आठवडी बाजारातून खरेदी करतो तिथले घ्यावेत, आणि हिशेब पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा असा दोनदा तरी करावा. मे महिन्यात कोथिंबिरीच्या भावाने एखादी अट कशी तुटते, ते पाहिल्यावर पुढच्या प्रकरणांतली अनिश्चिततेची गणिते वाचायला घ्यावीत.